तिसरीच्या वर्गात बधिरांध मुलगी आहे, धडा तिच्यापर्यंत कसा नेऊ?

तिसरीच्या_बाई | १२ जुलै, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर तिसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. पट २८. यंदा जूनमध्ये वर्गात एक मुलगी आली, नऊ वर्षांची. इथे तिला चिऊ म्हणते. आईला गरोदरपणी रुबेला झाला होता. चिऊचे दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू बाळपणीच काढले, जाड भिंगांचा चष्मा आहे. डाव्या बाजूने, वीतभर अंतरावरचं, मोठं आणि ठळक तेवढं दिसतं असं आई सांगते. कानाला यंत्र आहे, पण जवळ ढोल वाजला तरच मान वळते. बोलत नाही. हात धरून कुठे न्यायला गेलं की किंचाळते. एरवी शांत बसते, पेन्सिल ओठांवरून फिरवत.

विशेष शिक्षिका आठवड्यातून एकदा येतात. मनापासून करतात, पण तालुक्यातल्या कितीतरी शाळा त्यांच्या एकटीकडे आहेत. मला सांगितलं गेलं की धडा सोपा करून शिकवा. मग मी परिसर अभ्यासातला पाण्याचा भाग सोपा केला. मोठी चित्रं काढली, विहीर, नदी, नळ एवढेच शब्द ठेवले. कागद तिच्या हातात दिला. तिने तो हुंगला, गालाला लावला आणि खाली टाकला.

त्या रात्री झोप लागली नाही. बाकीची २७ मुलं पाण्याविषयी शिकत असताना हिने काय शिकायचं? तिला कोपऱ्यात मणी ओवत बसवायचं नाहीये मला. कुणी अशा मुलांबरोबर काम केलं असेल तर सांगा. अगदी प्राथमिक असलं तरी सांगा.

निवृत्त_गुरुजी | १२ जुलै, रात्री १०.०५

बाई, तुमची तळमळ पोचली. ३४ वर्षं शिकवलं, पण असं मूल माझ्या वर्गात कधी आलं नाही, म्हणून अधिकारवाणीने काही सांगत नाही. मनात येतं ते विचारतो. मुंबईत बधिरांध मुलांची खास शाळा आहे ना? तिथे शिकलेले शिक्षक असतात. २८ मुलांत तिची आबाळ होणार नाही का? आणि घरी शिकवण्याचीही सोय आहे म्हणतात. पोरीच्या भल्यासाठीच विचारतोय.

पुस्तकवेडी | १२ जुलै, रात्री १०.४०

बधिरांध हेलन केलरची पंपाची गोष्ट आठवली. हातावर पाणी पडत असताना शिक्षिकेने दुसऱ्या तळहातावर बोटांनी 'पाणी' शब्द लिहिला आणि तिला कळलं की प्रत्येक गोष्टीला नाव असतं. तुमच्या शाळेत हापसा असेल तर तसं करून बघा ना बाई!

स्पर्शभाषा | १३ जुलै, सकाळी ६.३०

मी विशेष शिक्षिका आहे. बधिरांध मुलांबरोबर १९ वर्षं काम करतेय. जरा लांबेल, पण बाईंनी मनापासून विचारलंय म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पंपाची गोष्ट, कारण ती सगळ्यांना अर्धीच माहीत असते. हेलनच्या शिक्षिका ॲन सुलिव्हन तिच्या घरी आल्या ३ मार्च १८८७ ला. पंपाचा प्रसंग ५ एप्रिलचा. मधला महिनाभर सुलिव्हन दिवसभर, हातात येईल त्या वस्तूचं नाव तिच्या तळहातावर बोटांनी जुळवत होत्या. बाहुली, केक, पेला. हेलनला तेव्हा त्यातलं काही उमगत नव्हतं, तरी त्या थांबल्या नाहीत. शिवाय हेलन १९ महिन्यांची होईपर्यंत बघत होती, ऐकत होती. पाण्याला ती 'वा-वा' म्हणायची. चिऊकडे ती शिदोरी नाही. म्हणून हापशावर नक्की जा, पण एका दिवसाच्या चमत्कारासाठी जाऊ नका. रोज जा.

आता बाई, तुमच्यासाठी. ती किंचाळते ती हात ओढल्यावर. तिचे हात हेच तिचे डोळे. न सांगता आपली मान धरून कुणी फिरवली तर आपणही ओरडू. तिच्या हातावर आपला हात दाबायचा नाही, तिच्या हाताखाली आपला सरकवायचा. आपण वस्तू चाचपायची, तिचे हात आपल्यावर स्वार. नको वाटलं की तिला काढून घेता आले पाहिजेत. महिनाभर बाकी काही जमलं नाही तरी हे करा.

तुम्ही कोण हेही तिला कळू द्या. जवळ गेलात की खांद्यावर हात टेकवा, मग तुमची एक ठरलेली बांगडी तिच्या बोटांना लागू द्या. ती बांगडी म्हणजे तुमचं नाव. रोज तीच घाला. शेजारी बसणाऱ्या मुलांचीही एकेक खूण ठरवा, कुणाचं कडं, कुणाची रिबीन. आणि जाताना 'मी जाते' हे सांगून जा, नाहीतर तिच्या लेखी माणसं हवेतून येतात आणि हवेत विरतात.

धड्याचं म्हणाल तर तुम्ही धड्यापासून सुरुवात केलीत. उलटी करा. आधी चिऊची वर्षाची तीन-चार उद्दिष्टं ठरवा, तिच्या आईला शेजारी बसवून. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला सुचतात ती अशी: 'अजून हवं' आणि 'पुरे' हे सांगता येणं, हातात आलेल्या वस्तूवरून पुढे काय होणार ते ओळखणं, दोहोंतून एक निवडणं, आणि वर्गातून पाण्याच्या माठापर्यंत नि संडासापर्यंत स्वतः जाणं. मग एक कोरा कागद घ्या. वर तुमचे तास लिहा, परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत. डाव्या कडेला ही चार उद्दिष्टं. प्रत्येक चौकटीत एकच प्रश्न: या तासाला याला वाव कुठे आहे? सगळ्या चौकटी भरणार नाहीत. भरायच्याही नाहीत.

पाण्याचा पाठ घ्या. सगळा वर्ग हापशावर न्या, त्यांनाही आवडेल. तुमचा हात दांड्यावर, चिऊचा तुमच्या हातावर. पाणी येण्याआधी दांडा जड होतो, आत घुरघुरतं, ते तिच्या तळव्याला कळेल. दोनदा हापसा आणि थांबा. मनात सावकाश दहापर्यंत मोजा. ती तुमचा हात किंचित खाली ढकलेल, किंवा नुसती अंगाने पुढे झुकेल. ते तिचं 'अजून'. लगेच हापसा. बाकीची मुलं पाण्याचे स्रोत शिकली, हिने पाणी मागितलं. दोघांचा विषय पाणीच.

गणितात समान वाटणी येते. मुलं १२ भागिले ३ करतात, चिऊ तीन स्टीलच्या वाट्यांत एकेक चिंचोका टाकते. टण् झालेलं वाटीच्या काठावर ठेवलेल्या बोटाला कळतं. समोरच्या मुलाने एक टाकायचा, मग तिने एक. तिला भागाकार येणार नाही कदाचित, पण आपली पाळी, दुसऱ्याची पाळी आणि 'संपलं' हे येईल.

कविता असेल तर दोन मुलांनी तिच्या तळहातांवर ठेका धरायचा, मध्येच थांबायचं, तिने मागितला तरच पुढे.

आणि नकाशाचा तास? भिंतीवरच्या नकाशासमोर तिला बसवून ठेवू नका, तो वेळ वाया जातो. त्या तासाला तिचा नकाशा म्हणजे वर्ग ते माठ ही वाट. दाराची चौकट, मग खडबडीत भिंत, मग कठडा, कठड्याच्या टोकाला बांधलेली काथ्याची दोरी, तिथे माठ. रोज त्याच बाजूने, त्याच क्रमाने. दिशा, खूण, अंतर सगळं आलं की त्यात!

दिवसाचा क्रम समजायला ओळीने खोके मांडा, चपलांचे चालतील. एकेका खोक्यात एकेक वस्तू: परिपाठाला टाळ, पाण्याला पेला, पोषण आहाराला ताटली, घरी जायला दप्तराच्या पट्ट्याचा तुकडा. ते काम झालं की वस्तू शेवटच्या 'संपलं' खोक्यात ती स्वतः टाकते. नेदरलँड्समध्ये यान फान डाइक यांनी रुबेलामुळे बधिरांध झालेल्या मुलांबरोबर काम करताना जी पद्धत बसवली, तिच्यातली ही कल्पना. खर्च काही नाही.

गुरुजी, तुमचा प्रश्न रास्त आहे. मुंबईतली शाळा म्हणजे हेलन केलर संस्था, १९७७ साली बेरोज वाच्छा यांनी सुरू केली. अहमदाबादची सेन्स इंटरनॅशनल इंडिया १९९७ पासून याच कामात आहे. त्यांच्याकडून मार्गदर्शन जरूर घ्यावं. पण नऊ वर्षांच्या पोरीचं घर, आईचा वास, अंगणाची वाट हेच तिचं सगळं जग असतं. ते सोडवून तिला दूर पाठवायचं की नाही हे आईवडिलांनी ठरवायचं. घरी शिकवण्याचंही तसंच. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय मिळाला. तो पर्याय मुलाच्या बाजूने आहे. शाळेने 'आता घरीच ठेवा' म्हणायला तो नाही, आणि तसं म्हणताना मी अनेकदा ऐकलंय म्हणून इतकं ठासून लिहिते.

निवृत्त_गुरुजी | १३ जुलै, सकाळी ८.१५

ताई, पटलं. एक विचारू? बाकीच्या २७ मुलांचं काय? हापशावर रोज जाता येणार नाही.

स्पर्शभाषा | १३ जुलै, सकाळी ८.५०

वर्ग एकदा गेला तरी पुरे. रोज चिऊ जाईल, कुणीतरी एक मूल तिच्याबरोबर जाईल, पाळी लावून. तिसरीतली मुलं हाताखाली हात धरणं दोन दिवसांत शिकतात, आपल्याला दोन महिने लागतात.

पंचगंगा | १३ जुलै, दुपारी २.३०

मी कोल्हापूरची. हे सगळं वाचून डोळे भरले, पण दुसरी बाजूही लिहायला हवी. माझा मुलगा नववीत आहे. अशर सिंड्रोम. जन्मापासून ऐकू येत नाही, नजर कडेकडून आक्रसत चाललीय, संध्याकाळ झाली की चाचपडतो. बुद्धीने तल्लख आहे. बीजगणित मला शिकवतो. आधीच्या शाळेत 'बधिरांध' हा शब्द कागदावर आला आणि त्यांनी त्याला चौथीच्या पातळीचं पुस्तक दिलं. प्रमेयं वगळली, इतिहासाचे धडे निम्मे केले. प्रेमानेच केलं सगळं. दोन वर्षं गेली त्यात. आता शाळा बदललीय, पण सुटलेलं भरून काढताना पोराची दमछाक होते. म्हणून हात जोडून सांगते, अभ्यासक्रम कमी करण्याआधी त्या मुलाला नेमकं काय अडतं ते बघा.

स्पर्शभाषा | १३ जुलै, रात्री ९.००

पंचगंगाताई, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं, माझ्या पोस्टमध्ये हे यायलाच हवं होतं. बधिरांध म्हणजे काहीच दिसत नाही, काहीच ऐकू येत नाही, असं बहुतेकांच्या बाबतीत नसतं. थोडी नजर, थोडं ऐकणं उरलेलं असतं. आणि दोन बधिरांध मुलांमध्ये जेवढा फरक असतो तेवढा तिसरीच्या अख्ख्या वर्गात नसेल. तुमच्या मुलाला नववीची तीच अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शेवटी जे यायला हवं ते, हवी, तोच धडा, तेच प्रमेय. बदलायची ती वाट. चिऊला धडा तोच असला तरी त्यातून साधायचं वेगळं आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की तल्लख मुलगा चौथीचं पुस्तक वाचतो, आणि दुसरीकडे चिऊसारखीच्या हातात छापील कागद येतो.

अंधुक_उजेड | १३ जुलै, रात्री ११.४५

मलाही अशर आहे. वय ४१, पुण्यात बँकेत नोकरी. मोठ्या अक्षरांच्या पडद्यावर वाचतो, आता ब्रेल डिस्प्लेची, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोटांखाली ब्रेलमध्ये उमटवणाऱ्या यंत्राची, सवय करतोय. पंचगंगाताई, तुमच्या मुलाला उपयोगी पडेल असं थोडं सांगतो.

मला शाळेत नेहमी पहिल्या बाकावर बसवायचे. सगळ्यांना वाटे, दिसत नाही तर पुढे बसवा. पण माझी नजर नळीतून बघितल्यासारखी. खाणाखुणा करणारे सर अगदी पुढ्यात उभे राहिले की मला एक तर त्यांचा चेहरा दिसायचा किंवा एक हात. दोन मीटर मागे सरकलो की दोन्ही हात आणि चेहरा एका चौकटीत यायचे. हे कळायला मला आठवी उजाडली. म्हणून कुठे बसायचं ते मुलालाच ठरवू द्या. सरांनी गडद, एकरंगी सदरा घातला तर हात उठून दिसतात. खिडकीकडे पाठ करून कुणी बोलू नये.

धडा आदल्या दिवशी हातात हवा. वर्गात मी एकाच वेळी फळा, खुणा आणि वही बघू शकत नाही. तुम्ही वहीत लिहिता लिहिता ऐकता. मी लिहायला मान खाली घातली की सरांचं बोलणं माझ्यापुरतं बंद. आणि थकवा. संध्याकाळी डोकं भणभणायचं, घरी वाटायचं आळस करतोय. दर तासाला पाच मिनिटं डोळे मिटून बसू द्या त्याला.

नजर आहे तोवर ब्रेल शिकायला सुरुवात करा. मी १२ वर्षं टाळलं. शिकणं म्हणजे हार मानणं असं वाटे. आता चाळिशीत बोटं तितकी पटकन शिकत नाहीत.

अजून एक, ते कुठल्याच पुस्तकात नसतं. इतर मुलं कितीतरी गोष्टी न शिकवता शिकतात. मधल्या सुट्टीतली भांडणं, बाई कुणावर रागावल्या, सहल कुठे जाणार, कोणत्या शब्दाला हसतात. माझ्यापर्यंत यातलं काही यायचं नाही. एक मित्र होता, तो रोज सुट्टीत माझ्या वहीच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात 'आजच्या बातम्या' लिहायचा. माझं निम्मं शिक्षण त्या मागच्या पानांवर झालंय. तुमच्या मुलाच्या आराखड्यात हे लिहून घ्या ताई, विषयांच्या बरोबरीने.

पंचगंगा | १४ जुलै, सकाळी ७.१०

दादा, बसायच्या जागेचं आम्हाला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. आत्ता दिवाणखान्यात करून बघितलं. तो तीन पावलं मागे गेला आणि म्हणाला, "इथून आई पूर्ण दिसते."

मिनेसोटाकर | १४ जुलै, सकाळी ९.३०

मी इथे अमेरिकेत शाळेत मदतनीस आहे. इकडे काही बधिरांध मुलांबरोबर दिवसभर एक प्रशिक्षित माणूस असतो, त्याला इंटरव्हीनर म्हणतात. शिकवणं शिक्षकाचंच. याचं काम म्हणजे भोवती काय चाललंय ते मुलाच्या हातापर्यंत पोचवणं, आणि मुलाच्या ऐवजी काहीही न करणं. हे दुसरं फार कठीण. अंधुक_उजेड यांच्या मित्राने नेमकं हेच केलं. बाई, तुम्हाला पूर्णवेळ माणूस मिळणार नाही कदाचित, पण मदतनीस ताई असतील तर त्यांना हे आवर्जून सांगा: डबा उघडून देऊ नका, तिचे हात झाकणावर पोचतील एवढंच करा.

तिसरीच्या_बाई | १४ जुलै, रात्री ९.५०

सगळ्यांचे किती आभार मानू. काल खोके मांडले. चिऊच्या आईला शाळेत बोलावून उद्दिष्टं ठरवली. मी 'निवड करणं' आधी म्हणत होते, आई म्हणाली, "बाई, आधी संडासला जायचंय हे सांगता येऊ द्या तिला. पोरगी मोठी होतेय." ते सगळ्यात वर घेतलं.

एक अडचण. मूल्यमापनात काय लिहू? आकारिक नोंदींचे, म्हणजे वर्षभर शिकताना करायच्या नोंदींचे, रकाने विषयवार आहेत. वरून विचारणा झाली तर हापसा नि वाट्या कुठे दाखवू?

स्पर्शभाषा | १४ जुलै, रात्री १०.३०

आईचं बरोबर आहे. वर्णनात्मक नोंदी आहेत ना, त्या याच कामाच्या. विषयाचा रकाना तोच ठेवा, नोंद तिची लिहा. 'प्रगती चांगली' असलं लिहू नका. अनोळखी माणसालाही घडलं की नाही ते कळेल असं लिहा. उदाहरणार्थ परिसर अभ्यास: 'पेला हातात दिल्यावर माठाच्या दिशेने वळते, पाचपैकी तीन वेळा, खांद्याला स्पर्श करावा लागतो.' पुढच्या महिन्यात 'पाचपैकी चार वेळा, स्पर्शाशिवाय' झालं की ती प्रगती. वैयक्तिक शैक्षणिक आराखडा नोंदवहीला जोडून ठेवा, त्यावर आईची आणि मुख्याध्यापकांची सही घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बहुविकलांगतेत बधिरांधत्वाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि मुलाच्या गरजेप्रमाणे आवश्यक ते बदल करून देणं शाळेवर बंधनकारक आहे. कुणी विचारलं तर शांतपणे कायदा आणि आराखडा दोन्ही पुढे ठेवा.

तिसरीच्या_बाई | ६ सप्टेंबर, रात्री ८.४०

धागा वर काढतेय. दोन महिने झाले, सांगितल्याशिवाय राहवेना.

चिंचोके पहिल्याच दिवशी तिने तोंडात घातले. माझा जीव उडाला. आता बाटल्यांची मोठी झाकणं वापरतो. असं कुणी करणार असेल तर चिंचोके, मणी, शेंगदाणे नकोच, मोठी वस्तू घ्या. खोके पहिले १५ दिवस तिने भिरकावले. पेला दोनदा खिडकीबाहेर गेला. मला वाटलं नाही जमत हे. स्पर्शभाषाताईंना निरोप केला तेव्हा त्या म्हणाल्या, सहा खोके एकदम नको, दोनच ठेवा, आत्ता आणि नंतर. दोन केले तेव्हापासून फेकणं कमी झालं. आता तीनवर आलोय.

नकाशाची वाट जमतेय. कठड्यापर्यंत एकटी जाते, काथ्याच्या दोरीशी थांबते आणि माझी वाट बघते. दोरी ते माठ एवढे चार फूट राहिलेत. संडासाचं अजून नाही जमलं. रोज ठरल्या वेळी नेतो, साबणाची डबी हातात देऊन.

मंगळवारी मराठीचा तास चालू होता. मी कविता म्हणत होते, मुलं ठेका धरत होती. चिऊ जागेवरून उठली, पहिला खोका चाचपला, दुसरा चाचपला, पेला काढला. माझ्यापर्यंत आली, माझं मनगट शोधलं, बांगडी फिरवून बघितली, आणि पेला माझ्या तळहातावर ठेवून दाबला. कुणी सांगितलं नव्हतं तिला. माझी ओळ अर्धीच राहिली. वर्ग एकदम गप्प झाला. मग मागच्या बाकावरून एक पोरगा ओरडला, "बाई, तिला पाणी पाहिजे, जावा की!"

गेलो. दोन पेले प्यायली. तिसऱ्याला तिने पेला पालथा घातला.

नोंदवहीत मराठीच्या रकान्यात लिहिलं: 'स्वतःहून पाणी मागितले. पुरे झाले हे सांगितले.' तारीख घातली, आईची सही घेतली.

आता पुढचं विचारते. शनिवारी सकाळची शाळा असते, पोषण आहाराची वेळ बदलते, खोक्यांचा क्रम उलटापालटा होतो आणि ती दिवसभर बिथरलेली असते. शनिवारसाठी वेगळे खोके करू, की तेच ठेवून क्रम बदलू?

स्पर्शभाषा | ६ सप्टेंबर, रात्री ९.१५

तेच खोके ठेवा, त्याच वस्तू. फक्त शनिवारी पहिल्या खोक्याच्या कडेला एक जाड गोणपाटाची पट्टी बांधा, आणि शुक्रवारी घरी जाताना तशीच एक पट्टी तिच्या हातात द्या. आईला सांगा, शनिवारी सकाळी उठल्यावर तीच पट्टी पुन्हा हातात द्यायची. तीन-चार शनिवार जातील. करून बघा आणि इथे कळवा.